उंबरपाड्याचं तिसरं तोंड

मित्रांनो, मला तीन तोंडं आहेत. त्यांतली दोन सकाळ-संध्याकाळ कामात असतात. एक पाणी घेतं, दुसरं पुढे देतं, आणि दोघांनाही बोलायला सवड नसते. तिसरं तोंड मात्र पंधरा वर्षं बंद होतं. इतकी वर्षं तोंड बंद ठेवावं लागलं की आत किती साठतं, हे तुमच्यापैकी जे वर्गात पहिल्या बाकावर बसतात त्यांना कळेल.

मी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, एक जुना जोड आहे. नदीकाठच्या पंपापासून टेकाडावरच्या टाकीपर्यंत उंबरपाड्याचा जो मोठा पाइप जातो, त्याच्या मधोमध, रस्त्याकडेच्या कंबरभर खोल चौकोनी खड्ड्यात माझा मुक्काम असतो. उंबरपाडा कर्जत तालुक्यात आहे. पळसदरीच्या अलीकडे की पलीकडे, ते तुम्ही कुठून येता आणि कुणाला विचारता यावर आहे.

माझा जन्म खोपोलीकडच्या एका कारखान्यात झाला. वाळूच्या साच्यात लालबुंद रस ओतला, थंड होऊ दिला आणि मला बाहेर काढून एका कारागिराने हातोडीने दोनदा ठोकून पाहिलं. माझा आवाज त्याला पसंत पडला. माझ्याबरोबर ओतलेले सरळ पाइप होते, कोपरे होते. त्यांना आपण कशासाठी जन्मलो ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. सरळ पाइपाला सरळ जायचं, कोपऱ्याला वळायचं. मला मात्र तेव्हापासूनच स्वस्थता अशी नाही.

मला मागवलं माधवीबाईंनी. त्या तेव्हा नुकत्याच शाखा अभियंता म्हणून लागल्या होत्या. मूळच्या खालापूर तालुक्यातल्या, भातशेती करणाऱ्या घरातल्या. उंबरपाड्याच्या नळपाणी योजनेचा आराखडा त्यांच्याकडे आला. त्यात एक रकाना होता : ‘तीस वर्षांनंतरची लोकसंख्या’. बाईंनी नियमाप्रमाणे गणित करून तिथे १४१२ लिहिलं. वरिष्ठांनी सही केली. सही झाल्यावर वरिष्ठ चहाला गेले आणि बाई अस्वस्थ झाल्या. १४१२ मधले शेवटचे बारा जण कोण, ते कुठून येणार, आणि त्यांच्या मागोमाग आणखी हजार आले तर त्यांना कुठे बसवायचं, हे त्यांना कुणी सांगेना. नदी तीस वर्षं अशीच वाहील का, हेही नाही. त्यासाठी तर रकानाच नव्हता.

मग त्यांनी एक गोष्ट केली. उद्याचा अंदाज आणखी पक्का करत बसण्याऐवजी त्यांनी आराखड्यात थोड्या सोयी मोकळ्या ठेवल्या. टाकीचे खांब गरजेपेक्षा जाड धरले, म्हणजे पुढेमागे वर आणखी एक टाकी चढवता येईल. पंपघरात दुसऱ्या पंपासाठी रिकामा चौथरा बांधला. आणि मोठ्या पाइपाच्या मध्यावर, जिथे सरळ तुकडा चालला असता तिथे, त्यांनी मला घातलं. तिसऱ्या तोंडावर जाड लोखंडी चकती आणि आठ बोल्ट. फिटर लोक या चकतीला डमी म्हणतात.

ग्रामसभेत नकाशा उलगडला आणि आनंदीबाईंचं बोट नेमकं माझ्यावर पडलं. आनंदीबाई तेव्हा पंचायतीच्या सदस्य होत्या, पुढे सरपंच झाल्या. त्यांचा आवाज असा, की बोलल्या की आढ्याला बसलेली कबुतरं उडत.

“मॅडम, ह्ये तिसरं तोंड कशाला?”

“ते मला आत्ता माहीत नाही,” माधवीबाई म्हणाल्या.

सभा अशी हसली की नकाशा वाऱ्याने हलावा तसा हलला.

“माहीत नाय, तर ठेवलंय कशाला?”

“माहीत नाही म्हणूनच ठेवलंय. आनंदीताई, तुम्ही भाताच्या रोपांसाठी राब करता, तेव्हा आवण मोजून करता का? जेवढी खाचरं तेवढीच रोपं?”

“मोजून कोन करतं? चार वाफे जास्तीच असतात. एखादं खाचर कुजलं, पुरानं वाहून गेलं, तर परत लावाया नको?”

“कुठलं खाचर कुजणार ते पेरताना ठाऊक असतं?”

“त्ये कसं ठाऊक असंल!”

दोन-चार माना डोलल्या. मला वाटलं, जिंकलो. तेवढ्यात मागून कुणी तरी म्हणालं, “आवण उरलं तर शेजारी मागून नेतो. ह्ये तोंड कोन मागून नेनार?” आणि पुन्हा हशा पिकला. तरी ठराव मंजूर झाला. जेवणाची वेळ झाली होती, आणि नामंजूर केलं तर सगळं पुन्हा वाचावं लागणार होतं.

पाइप टाकून झाले. माझ्या खड्ड्यावर लोखंडी झाकण बसलं. जाताना माधवीबाईंनी गावच्या पाणीवाल्याला, बुधाजीला, एक पाना आणि ग्रीसचा डबा दिला. पाणी सोडणं, बंद करणं आणि पाणी का आलं नाही म्हणून शिव्या खाणं, ही बुधाजीची नेमून दिलेली कामं.

“काका, दर वर्षी गणपती गेले की झाकण उघडायचं. आठही बोल्ट अर्धा आटा सैल करायचे, ग्रीस लावायचं, परत आवळायचे.”

“वापरायचा नाय, तरी?”

“वापरायचा नसतो तोच आखडतो, काका.”

बुधाजीने ते मनावर घेतलं. गणपती गेले की तो खड्ड्यात उतरायचा, आठ बोल्ट फिरवायचा आणि माझ्याशी दोन शब्द बोलायचा. वर्षातून तेवढीच माझी विचारपूस.

मित्रांनो, वाट बघण्याचं काम सोपं नसतं. पाणी एका तोंडातून धावत यायचं, तिसऱ्या तोंडात डोकावायचं, पुढे भिंत बघून गर्रकन मागे फिरायचं. दिवसातून हजार वेळा. मला आतून खाज सुटल्यासारखं व्हायचं. पाहणीला साहेब यायचे, टाकीचं कौतुक करायचे, पंपाला हार घालायचे. माझ्या झाकणावर उभे राहून फोटो काढायचे. खाली कोण आहे असं एकानेही विचारलं नाही. पंपघरातल्या रिकाम्या चौथऱ्यावर तोवर पंचायतीची तीन पायांची खुर्ची आणि निवडणुकीचा जुना भोंगा येऊन बसला होता. निदान त्याला सोबत तरी होती.

मग समोरच्या माळावर बंगले आले. पहिल्यांदा तारेचं कुंपण आलं, मग पाटी आली, मग पाटीवरच्या चित्रासारखे बंगले उगवले. मालक मुंबई-पुण्याचे. शनिवारी यायचे, रविवारी जेवून जायचे, आणि आठवडाभर गवताला पाणी घालायला आनंदीबाईंचाच भाचा साईनाथ तिथे रखवालदार म्हणून राहायचा. १४१२ च्या हिशेबात हे लोक बसतच नव्हते, कारण ते आठवड्यातून दीड दिवसच लोकसंख्या असायचे.

बंगले आले आणि गावाला माझा अर्थ एकदम लागला.

“बघा! तिसरं तोंड बंगल्यांच्याच दिशेला हाय,” असं पारावर ठरलं. कुणी तरी माधवीबाईंना प्लॉटवाल्याशी बोलताना पाहिलं होतं. त्यांनी त्याला कर्जतचा रस्ता विचारला होता, पण एवढी बारीक गोष्ट पाहणाऱ्याच्या लक्षात राहिली नाही. बंगलेवाल्यांना आपलं पाणी द्यायला हे तोंड आधीपासून ठेवलंय, अशी गावाची खात्री झाली. आनंदीबाई आता सरपंच होत्या. त्यांनी ग्रामसभा बोलावली आणि गावाच्या इतिहासात एकमुखाने झालेला एकुलता एक ठराव मंजूर झाला : नवा काँक्रीटचा रस्ता थोडा रुंद करून तो झाकणावरून न्यायचा. म्हणजे तोंड कायमचं बंद.

हात वर करणाऱ्यांत बुधाजीही होता. मी त्याला दोष देत नाही. सगळं गाव हात वर करून बसलेलं असताना एकट्याने हात खाली ठेवायचा, तर त्याला फार मजबूत हात लागतो.

पण त्या संध्याकाळी तो खड्ड्यात उतरला. आठही बोल्टांना त्याने डबा संपेपर्यंत ग्रीस थापलं, वर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. “माफ कर रं बाबा,” म्हणाला. मला बाबा म्हणणारा तो पहिलाच. दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यावर वीतभर काँक्रीट पडलं. रस्त्याला आडवी येत होती म्हणून कडेची जांभळही तोडली.

पुढची चार वर्षं मी अंधारात काढली. डोक्यावरून टेंपो जायचे, खडी घेऊन डंपर जायचे, आणि मी मोजत बसायचो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. बोल्ट हळूहळू आखडतायत का, ही एकच काळजी मला पोखरत होती. एकदा ते गंजून एकजीव झाले की मी जोड उरणार नव्हतो. तोंडाचं नुसतं सोंग उरलं असतं.

आणि मग नदी बदलली.

आमच्या नदीला उन्हाळ्यात पाणी असतं ते आभाळातलं नव्हे. वर डोंगराच्या पायथ्याशी एक वीजघर आहे. तिथे वीज करून झाली की पाणी नदीत सोडतात. दिवसभर वीज व्हायची, दिवसभर नदी वाहायची, आणि आमचा पंप दिवसभर प्यायचा. माधवीबाईंपासून वरिष्ठांपर्यंत सगळ्यांनी हे गृहीत धरलं होतं. पण आता दिवसाची वीज उन्हावर तयार होऊ लागली. म्हणून वीजघर पाण्याची वीज अंधार पडल्यावर करू लागलं. त्याच सुमाराला आमच्या पंपाच्या तारेवर वीज द्यायची वेळ ठरली, ती मात्र सकाळी आठ ते दुपारी चार. थोडक्यात, वीज दिवसा यायची आणि पाणी रात्री. दोघांची गाठ पडेना. यात चूक कुणाचीच नव्हती, आणि म्हणून ती दुरुस्तही करता येत नव्हती.

एप्रिलमध्ये पंप दिवसा नुसती हवा ओढू लागला. माझ्यातून पाण्याऐवजी गुरगुर जाऊ लागली. वरच्या आळीत आठ दिवस थेंब नव्हता. बाया एक हंडा उतारावरच्या झऱ्यातून आणायच्या आणि दुसरा बुधाजीच्या दारात आदळायच्या.

कुणी म्हणालं, पंपाला रात्रीही वीज देणारी नवी तार मागू. अर्ज गेला, अर्जाला क्रमांक मिळाला. ठेकेदार म्हणाला, रस्ता फोडतो, जुना जोड कापून भंगारात देतो आणि नदीत खोलपर्यंत नवा पाइप टाकतो, पावसाळ्याच्या आत होईल बहुतेक. भंगार हा शब्द मी काँक्रीटखालूनही नीट ऐकला. ठेकेदार सोमवारी माणसं घेऊन येणार होता.

त्याआधीच्या शुक्रवारी सकाळी आनंदीबाई रिकामी कळशी घेऊन रस्त्याने चालल्या होत्या. माझ्या बरोब्बर डोक्यावर त्या थांबल्या. रस्त्यावरून स्वच्छ, नितळ पाणी वाहत होतं. बंगल्यांच्या फाटकातून येत होतं आणि गटारात जात होतं.

“साईनाथ! कुठं चाललंय रं ह्ये पानी?”

“गटारात, आत्या.”

“ते दिसतंय मला. कशापायी?”

“टाकी धुतो ना दर शुक्रवारी. आठवडाभर कोन नसतं, पानी शिळं होतं. उद्या मालक येतील, त्यांना ताजं लागतं.”

“आनि ताजं कुठनं आनतोस?”

“नदीतनं. रात्री आली की जनरेटर लावतो, भरतो.” साईनाथ जरा घुटमळला. “आत्या, दोन लाख लिटरची हाय. गावच्या टाकीपेक्षा उंचावर. नुसता पाइप जोडला तरी आपोआप उतरंल.”

आनंदीबाईंनी कळशी खाली ठेवली. ज्यांना एक थेंब मिळू नये म्हणून त्यांनी रस्ता रुंद केला होता, त्यांच्याकडेच आता मागायचं होतं. पाणी त्यांच्या पायांवरून वाहत राहिलं. शेवटी त्या म्हणाल्या, “तुझ्या मालकाला फोन लाव. आनि मला दे. तू बोलू नको, तू लाजतोस.”

बंगलेवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटावर या विषयावर एकेचाळीस संदेश झाले. त्यांतल्या नऊ जणांनी नुसता अंगठा पाठवला आणि एकाने चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा. दुपारपर्यंत करार झाला. रविवारी संध्याकाळपासून शुक्रवारी पाचपर्यंत पाणी गावाचं, मग दोन दिवस बंगल्यांचं. पावसाळ्यात बंगल्यांचा पंप पुरात काढून ठेवतात, तेव्हा गावाने त्यांना द्यायचं. आणि एखाद्या शनिवारी बंगल्यांची टाकी कोरडी सापडली, तर करार त्याच दिवशी रद्द.

बुधाजीने माधवीबाईंना फोन केला. त्या आता मोठ्या पदावर खालापूरला होत्या. तासाभरात स्कूटरवरून आल्या.

“कुठंय जोड?”

“रस्त्याखाली,” बुधाजी जमिनीकडे बघत म्हणाला.

बाईंनी रस्त्याकडे पाहिलं. मग पिशवीतून जुना नकाशा काढला. “हे बघा, जांभळीपासून अकरा पावलं. जांभळ कुठंय?”

“तीबी रस्त्याखालीच म्हनायची.”

आनंदीबाई दुसरीकडे बघत होत्या. माधवीबाईंनी नकाशाची घडी केली. अख्खा रस्ता फोडायचा, तर सोमवारी ठेकेदार येणारच होता, आणि त्याच्या यादीत मी भंगार होतो.

तेव्हा बुधाजीने घरून लोखंडी सळई आणली. कुठे पाइप गळतोय हे शोधायला तो ती वापरायचा. एक टोक जमिनीला, दुसरं कानाला. “पंप चालू करा,” तो म्हणाला. पंपाने हवा ओढली आणि माझ्यातून गुरगुर सुरू झाली. मित्रांनो, सरळ पाइपातली हवा सुतासारखी जाते. माझ्यात मात्र ती तिसऱ्या तोंडात शिरते, चकतीवर आपटते आणि परत फिरते. पंधरा वर्षं ज्या खाजेचा मला वैताग होता, त्याच खाजेचा मी त्या दिवशी जमेल तेवढा आवाज केला. बुधाजी रस्त्यावर गुडघे टेकून एकेक पाऊल पुढे सरकत होता. माझ्यावरून पुढे गेला. माझा जीव गेला. मग थांबला, दोन पावलं मागे आला आणि म्हणाला, “हितं. हितं ढेकर देतोय.”

काँक्रीट फुटलं. चार वर्षांनी उजेड आला. ट्यूबच्या पट्ट्या निघाल्या आणि सात बोल्ट एकामागून एक असे फिरले, जणू कालच ग्रीस लावलं होतं. आठव्यावरची पट्टी सरकली होती. तो हलेना. पान्याला पाइप घालून दोघांनी जोर लावला, तरी नाही. कुणी तरी घण उचलला.

“घन खाली ठेव!” बुधाजी ओरडला. गावाने त्याला पहिल्यांदाच ओरडताना ऐकलं. “बीड हाय त्ये. तडकलं तर सगळंच गेलं.”

त्याने बोल्टवर डिझेल सोडलं आणि बसून राहिला. उन्हात सगळं गाव खड्ड्याभोवती उभं. दर दहा मिनिटांनी तो पाना लावायचा, पाव आटा पुढे, पाव आटा मागे. काही होत नव्हतं. पाचव्या वेळेला मला आत कुठे तरी कट्ट झालं. मला वाटलं, तडकलो. बुधाजीलाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने डोळे मिटले. माधवीबाई खड्ड्यात वाकून म्हणाल्या, “काका, बोल्ट फिरलाय. काही तडकलं नाही.”

चकती निघाली. पंधरा वर्षांची कोंडलेली हवा बाहेर पडली, आणि तिचा वास काही सांगण्यासारखा नव्हता. फाटकापासून माझ्यापर्यंत पाइप यायला शनिवार गेला. माझ्या मानेशी त्यांनी एक व्हॉल्व्ह बसवला. रविवारी संध्याकाळी बुधाजीने नदीकडची बाजू बंद केली, म्हणजे पाणी उलटं खाली पळणार नाही. मग माझं तिसरं तोंड उघडलं.

पाणी आलं. जे तोंड पाणी चोरून देणार म्हणून बुजवलं होतं, त्यातून पाणी आत आलं, बंगल्यांकडून गावाकडे. अर्ध्या तासाने वरच्या आळीतून हंड्यांचा आवाज ऐकू आला. आनंदीबाई खड्ड्याच्या काठावर उकिडव्या बसल्या होत्या.

“बुधाजी, ह्यावर परत कोनी काँक्रीट टाकाया आला, तर मला सांग.”

“मागल्या टायमाला तुमीच टाकलं होतं, बाई.”

“मंग आदी मला आडव.”

सोमवारी ठेकेदार आला, चहा पिऊन गेला.

माधवीबाईंनी नव्या पाइपावर, फाटकाजवळ, आणखी एक तीनतोंडी जोड बसवला. तोही एका तोंडाला चकती लावून. तो निळ्या प्लास्टिकचा आहे, वयाने लहान आहे, आणि सारखा चुळबुळत असतो. या वेळी त्याबद्दल कुणीही काही विचारलं नाही. मला त्याचीच जास्त काळजी वाटते. ज्याच्याबद्दल कुणी भांडत नाही, त्याचे बोल्ट कोण फिरवणार?

तुम्हाला वाटेल, आता तरी मी सुखी असेन. तसं नाही. आता आठवड्यातून दोनदा मला उघडायचं आणि बंद करायचं असतं. रविवारी उघडायला उशीर झाला तर गाव ओरडतं, शुक्रवारी बंद करायला उशीर झाला तर बंगल्यांची टाकी गावात उतरून रिकामी होते, आणि मग कराराचं शेवटचं कलम सगळ्यांना आठवतं. म्हणून मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुम्ही मोठे व्हाल, पूल बांधाल, धरणं बांधाल, उद्याचे आकडे रकान्यात लिहाल. लिहा. पण एखादं तोंड मोकळं ठेवा, त्याला दर वर्षी ग्रीस लावा, आणि मुख्य म्हणजे तिथपर्यंत माणसाचा हात पोहोचेल एवढी जागा ठेवा.

हे मी घाईने सांगतो आहे, कारण आज शुक्रवार आहे आणि पावणेपाच वाजलेत. पाच वाजता बुधाजी पाना घेऊन येईल. उद्या पंचायतीने माझ्या सन्मानार्थ जाहीर समारंभ ठेवला आहे. त्याच्या खुर्च्या, मंडपाचं कापड आणि माझं नाव लिहिलेला फलक घेऊन एक टेंपो आला आहे, आणि तो माझ्या झाकणावर उभा आहे. चालक जेवायला गेलाय. तुमच्यापैकी कुणी त्याला ओळखत असेल, तर कृपा करून लवकर बोलावून आणा.